सालेमचा हेडमास्तर

जर्मनीतल्या सालेम शाळेबद्दल लिहितोय. (तामिळनाडूतलं सेलम नव्हे!) राजवाड्यातली निवासी शाळा, 1920 ची. संस्थापकांत प्रिन्स माक्स फॉन बाडेन, म्हणजे कैसरच्या राजवटीचे शेवटचे चॅन्सेलर, आणि हेडमास्तर कुर्ट हान. सरदार-उमरावांची, पैसेवाल्यांची पोरं तिथे शिकायची. हान ज्यू घरातला, पण डावा वगैरे अजिबात नाही. जुन्या वळणाचा कट्टर देशभक्त.

ऑगस्ट 1932. पोटेम्पा नावाच्या खेड्यात नाझी गुंड रात्री एका कामगाराच्या घरात घुसले आणि आईच्या डोळ्यांदेखत त्याला मारून टाकलं. कोर्टाने पाच जणांना फाशी सुनावली, तर हिटलरने त्या पाचही जणांना पाठिंब्याची तार केली! हिटलर तेव्हा सत्तेत नव्हता, पण सत्ता दारात आली होती. अशा वेळी शहाणी माणसं 'बघू, थांबू' म्हणतात. हानने माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं: नाझींच्या एसए-एसएसमध्ये कुणी असेल तर त्याने एक तर हिटलरशी नातं तोडावं, नाहीतर सालेमशी.

लक्षात घ्या, हे पत्र सरकारला नव्हतं. आपल्याच पोरांना होतं. माझ्या मते तेच जास्त अवघड. सरकारवर टीका करून टाळ्या तरी मिळतात. माजी विद्यार्थ्यांना दुखावलं की देणग्या जातात.

मार्च 1933 मध्ये हानला अटक झाली. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्यापर्यंत रदबदली झाली, तेव्हा सुटका. तो इंग्लंडला गेला, 1934 मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा काढली. पुढे राणी एलिझाबेथचे पती झालेले फिलिप थोडे दिवस सालेमला होते, तेही तिकडेच गेले. नाझी सलाम बघून त्यांना हसू यायचं म्हणतात, कारण शाळेत तसाच हात वर करून लघवीला जायची परवानगी मागायचे!

आता गंमत संपली. सालेम बंद पडली नाही. प्रिन्स माक्स 1929 मध्येच वारले होते; त्यांचा मुलगा बर्टोल्ड आणि उरलेल्या शिक्षकांनी ती चालू ठेवली. शाळेत हिटलर युथ आली, युद्धकाळात सरकारी देखरेख आली. समर्थक म्हणतात, निदान शाळा वाचली. मला हे पटत नाही. इमारत वाचली, वर्ग भरत राहिले, घंटा वाजत राहिली. पण ज्या गोष्टीसाठी हानने अटक पत्करली, ती त्या वर्गांत उघडपणे बोलता येत होती का?

आणि जुनी परंपरा असली म्हणजे शाळा टिकून राहते, असंही नाही. शुलफोर्टा 1543 ची, तत्त्वज्ञ नीत्शे तिथला विद्यार्थी. 1935 मध्ये नाझींनी तिचं थेट 'नापोला' करून टाकलं. नापोला म्हणजे राजवटीचे भावी साहेब घडवणारी निवासी शाळा. प्रवेशाला वंशाची तपासणी आणि दणकट शरीर. चारशे वर्षांची पुण्याई दोन वर्षांत गेली.

हानच्याच कल्पनेतून 1962 मध्ये वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज निघालं, त्यातून युनायटेड वर्ल्ड कॉलेजची चळवळ. पुण्याजवळ मुळशीत 1997 पासून असलेलं महिंद्रा कॉलेज त्याच घराण्यातलं.

हान बरोबर की मागे राहून शाळा चालवणारा बर्टोल्ड? माझं मत वर लिहिलंय. तुमचं वेगळं असेल तर कॉमेंटमध्ये मांडा, फक्त शिव्या नकोत.