एकच घ्यायची असेल तर

नेम आणि नियम : चांदमारीकर

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी वाचकांकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कोणी टेक्सासमध्ये असतं, कोणी अल्बर्टात, कोणी स्वीडनमध्ये. ऑफिसातल्या मंडळींबरोबर एकदा हरणाच्या शिकारीला जाऊन आलेले असतात, रविवारी रेंजवर जायची चटक लागलेली असते, आणि घरातून मंजुरी मात्र एकाच बंदुकीची असते. (तिकडे सरकारी मंजुरी त्या मानानं सोपी.) मग विचारणा होते : शिकारीला चालेल आणि निशाण्यावरही मान खाली घालायला लावणार नाही, अशी एकच रायफल कोणती?

माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. मध्यम ताकदीचं काडतूस, साधी बोल्ट अ‍ॅक्शन, दुर्बिणीसकट चार किलोंच्या आतबाहेर वजन. युरोपात असाल तर 6.5 बाय 55 स्वीडिश, अमेरिकेत असाल तर 6.5 क्रीडमूर. संपलं. हिरमोड होतो तो यासाठी की दुकानात त्यांना .300 विनचेस्टर मॅग्नम दाखवलेली असते, आणि ‘उद्या अस्वल मारायची वेळ आली तर?’ हा प्रश्न विक्रेत्यानं डोक्यात पेरलेला असतो. डॅलसच्या उपनगरात राहणाऱ्या माणसावर अस्वल मारायची वेळ येत नाही. ज्याला अलास्कात जायचंच आहे, त्यानं जाताना मोठी बंदूक जरूर न्यावी. पण न झालेल्या सहलीसाठी वर्षभर खांदा सुजवून घेण्यात शहाणपण कसलं?

आधी थोडा हिशेब करू. हरणाच्या छातीतला जो भाग गोळीनं लगेच प्राण घेतो, तो साधारण वीस सेंटिमीटर व्यासाचा. मूससारख्या प्रचंड जनावराचा त्याहून बराच मोठा. आजची कारखान्यातून निघालेली कुठलीही बरी रायफल शंभर मीटरवर तीन-चार सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या घालते. म्हणजे शिकारीपुरतं बोलायचं तर बंदूक गरजेपेक्षा कितीतरी अचूक आहे. चुकतो तो माणूस. बसायला टेकू नाही, दम लागलेला, बोटं गारठलेली आणि जनावर एक पाऊल पुढे सरकलेलं. अशा वेळी बंदुकीचा अर्धा सेंटिमीटर कोणाच्या उपयोगाचा? उपयोगी पडतो तो सराव. आणि सराव त्याच बंदुकीनं होतो जी चालवताना त्रास होत नाही.

म्हणून धक्का हा माझ्या लेखी पहिला निकष. तेवढ्याच वजनाच्या बंदुकीत .300 मॅग्नमचा धक्का 6.5 च्या जवळजवळ दुप्पट बसतो. पहिल्या पाच गोळ्यांना माणूस हसतो. पंधराव्या गोळीपर्यंत डोळे आपोआप मिटायला लागतात, बोट ट्रिगर दाबायच्या ऐवजी हिसकायला लागतं. ही खोड एकदा लागली की हलक्या बंदुकीवरही सुटत नाही. प्रशिक्षक महिनोन् महिने ती काढत बसतात. मॅग्नमवाले एका रविवारी दहा गोळ्या झाडून बंदूक पेटीत ठेवतात, 6.5 वाला चाळीस-पन्नास झाडतो. शिकारीचा हंगाम येतो तेव्हा दोघांतला चांगला नेमबाज कोण असेल, हे वेगळं सांगायला नको.

हे मी मनानं सांगत नाही. शिकार आणि निशाणा एकाच बंदुकीनं साधायचा प्रयोग सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एका प्रदेशात चालू आहे. स्वीडन आणि नॉर्वे 1905 पर्यंत एकाच राजाच्या छत्राखाली होते. दोन्ही सैन्यांना एकच काडतूस असावं म्हणून संयुक्त समिती नेमली गेली आणि त्यातून 6.5 बाय 55 जन्माला आलं. 1894 मध्ये स्वीडननं ते माउझर रायफलीत घातलं, नॉर्वेनं क्राग-यॉर्गेनसेनमध्ये. बारीक व्यासाची पण लांबलचक, दहा ग्रॅमच्या आसपास वजनाची गोळी, आणि तिला पुरेशी फिरकी मिळावी म्हणून नळीच्या आत दर 200 मिलिमीटरला एक पूर्ण वेढा. त्या काळात हा वेढा फारच घट्ट मानला जाई. पण त्यामुळेच लांब गोळी हवेत न डगमगता जाते, वाऱ्यानं कमी ढळते आणि जनावरात खोलवर शिरते. निशाणेबाजाला हवी असलेली गोष्ट आणि शिकाऱ्याला हवी असलेली गोष्ट अशी एकाच गोळीत येऊन बसली. बनवणाऱ्यांच्या मनात दोघेही नव्हते, सैनिक होता.

सैन्यातल्या बंदुका पुढे घराघरांत आल्या. नॉर्वेत 1893 पासून स्वयंसेवी नेमबाजीची देशव्यापी संघटना आहे आणि गावोगावी तिच्या रेंज आहेत. तिथल्या शेतकऱ्यानं उन्हाळ्यात गावच्या स्पर्धेत गोळ्या झाडायच्या आणि शरदात त्याच काडतुसानं मूस मारून हिवाळ्याचं मटण भरायचं, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली. स्वीडनच्या कायद्यातही हे काडतूस बसतं. मूससाठी दहा ग्रॅमची गोळी असेल तर शंभर मीटरवर तिच्यात 2000 जूल ऊर्जा शिल्लक असावी, असा तिथला दंडक आहे. 6.5 ची जुनी 10.1 ग्रॅमची गोळी या अटीत व्यवस्थित बसते. अमेरिकेतल्या दुकानात ‘मूससाठी फार हलकं’ म्हणून जे काडतूस बाजूला सारतात, त्यानं स्कँडिनेव्हियात किती मूस पडले याची गणती करायला बसलं तर दिवस मावळेल.

त्याहून मला तिथली परीक्षा आवडते. नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकारीला जाणाऱ्या प्रत्येकानं दरवर्षी, हो, दरवर्षी, नेमाची चाचणी द्यायची. आधी सरावाच्या तीस गोळ्या, मग शंभर मीटरवर रेनडिअरच्या चित्रावर पाच. पाचही ठरलेल्या जागेत बसल्या तरच त्या हंगामात बंदूक घेऊन रानात जायचं. आजोबा असोत की नातू, सूट नाही. स्वीडननं 1985 पासून नव्या शिकाऱ्याला परीक्षा सक्तीची केली आणि तिथल्या रेंजवर 80 मीटरवरून रुळांवर धावणाऱ्या मूसच्या चित्रावर गोळ्या झाडाव्या लागतात. शिकार आणि निशाणा या तिकडे दोन वेगळ्या आवडी नाहीतच. निशाणा ही शिकारीची फी आहे, ती भरल्याशिवाय दार उघडत नाही. मग ‘दोन्हीला चालणारी’ बंदूक शोधावी लागत नाही, तीच सगळ्यांच्या भिंतीवर असते.

ऑस्कर स्वान हे नाव इथे घ्यायलाच हवं. धावत्या हरणाच्या चित्रावर गोळी झाडायचा प्रकार एके काळी ऑलिंपिकमध्ये होता. स्वीडनच्या या गृहस्थांनी 1908 मध्ये साठीत सुवर्ण जिंकलं, 1912 मध्ये स्टॉकहोमला वयाच्या 64 व्या वर्षी सांघिक सुवर्ण, आणि 1920 मध्ये अँटवर्पला 72 व्या वर्षी रौप्य. ऑलिंपिकचा सर्वांत वयस्क पदकविजेता म्हणून त्यांचं नाव आजही कायम आहे. माझ्या मते त्यांचा खरा विक्रम वयाचा नाहीच. शिकाऱ्याचं कौशल्य जसंच्या तसं ऑलिंपिकच्या मैदानावर उतरवणारी ती शेवटच्या काही पिढ्यांतली माणसं होती. धावत्या हरणाची स्पर्धा 1956 च्या मेलबर्नपर्यंत टिकली, नंतर तिची धावत्या डुकराच्या चित्रावरची, .22 ची आवृत्ती आली, मग एअर रायफलची, आणि 2004 नंतर तीही गेली. बायथलॉनमध्येही तेच. 1977 पर्यंत स्कीवर घसरत जाणारे खेळाडू मोठ्या काडतुसाची रायफल पाठीला लावत, पुढच्या वर्षी .22 आली आणि निशाणा 150 मीटरवरून 50 मीटरवर.

म्हणजे निशाणेबाजी शिकारीपासून दूर निघून गेली, आणि ‘एकच बंदूक’ मागणाऱ्यानं हे आधीच मान्य करावं. नेमबाज स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या ऑलिंपिकमध्ये, ऑगस्टात शातोरूला, 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, ते 451.4 गुणांनी. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं. पुरुषांच्या रायफलीला आठ किलोंपर्यंत मुभा आहे. दस्त्याला इतके स्क्रू आणि सरकत्या पट्ट्या की पाहणाऱ्याला ते दवाखान्यातलं यंत्र वाटावं. ती घेऊन डोंगर चढा म्हटलं तर स्वप्नीलही नाही म्हणेल. तेव्हा स्पर्धेत गंभीरपणे उतरायचं असेल तर एका बंदुकीचा हट्ट सोडा. माझा सल्ला त्यांच्यासाठी आहे ज्यांना रविवारी कागदावर समाधान हवं आणि नोव्हेंबरात फ्रीझरमध्ये हरीण.

वजनाबद्दल दोन्हीकडून चुकीचे सल्ले मिळतात. अडीच किलोंची ‘पहाडी’ रायफल हातात घेतली की दुकानातच प्रेमात पडायला होतं, पण हलकी बंदूक नेम धरताना थरथरते आणि धक्काही जास्त देते. उलट रेंजवरचे जाणकार जाड नळीची पाच-सहा किलोंची बंदूक सुचवतात. जाड नळी हळू तापते, दहाव्या गोळीलाही पहिल्याच जागी मारते, हे खरं. बारीक नळी पाच-सात गोळ्यांनंतर तापून थोडी भरकटते, हेही खरं. त्यावर उपाय फुकटचा आहे : थांबा. पाच गोळ्या झाडा, चहा प्या, परत या. शिकारीत तसाही पहिल्या गोळीचाच हिशेब असतो, आणि ती नेहमी थंड नळीतून जाते. म्हणून रेंजवर आल्या आल्या झाडलेली पहिली गोळी कुठे बसली हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या चाळीसपेक्षा ती जास्त सांगते.

फिनलंडमध्ये बनणारी टिक्का टी3एक्स या कामाला मला पुरेशी वाटते. रिकामी तीन किलोंच्या आसपास, बोल्ट लोण्यासारखा, ट्रिगर घरीच हलका करून घेता येतो. लाकडी दस्ता दिसतो सुंदर, पण दमट हवेत फुगतो आणि नळीला कुठेतरी टेकला की निशाणा सरकतो. प्लास्टिकचा घ्या आणि सौंदर्याची हौस घड्याळावर भागवा. दुर्बीण 3 ते 9 पटीची किंवा फार तर 12 पर्यंतची. 25 पटीच्या दुर्बिणीतून झाडीतलं हरीण सापडत नाही, नुसता एक काळा केस दिसतो. बंदुकीवर खर्च करून उरलेल्या चिल्लरीतून दुर्बीण आणि तिच्या कड्या घेणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. सैल कडी हेच ‘बंदूक बिघडली’ या तक्रारीचं नेहमीचं मूळ असतं.

आता .308 वाल्यांचं म्हणणं ऐकून घेऊ, कारण त्यात दम आहे. विनचेस्टरनं 1952 मध्ये हे काडतूस बाजारात आणलं, दोन वर्षांनी त्याचाच जुळा भाऊ नाटोनं स्वीकारला, आणि आज जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या दुकानात ते मिळतं. नळीही जास्त टिकते. 6.5 क्रीडमूरची नळी साधारण अडीच-तीन हजार गोळ्यांनंतर स्पर्धेच्या दर्जाची राहत नाही, .308 ची पाच हजारांपर्यंत जाऊ शकते. बहुतेकांना पहिली तीन हजार संपवायलाच दहा-पंधरा वर्षं लागतील, हा माझा प्रतिवाद. पण ज्याच्या गावात 6.5 मिळतच नाही त्यानं .308 खुशाल घ्यावी. क्रीडमूर हे मुळात 2007 मध्ये निशाण्यासाठी तयार झालेलं काडतूस, नावही न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या त्या मैदानाचं जिथे 1874 मध्ये अमेरिकेनं आयर्लंडला अवघ्या तीन गुणांनी हरवलं होतं. शिकाऱ्यांनी ते उचललं कारण स्वीडननं शंभर वर्षं आधी जे साधलं होतं तेच ते आखूड, आजच्या बंदुकीत सहज मावणाऱ्या रूपात देत होतं.

महाराष्ट्रातला वाचक एव्हाना विचारेल, आमचं काय? आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं प्रश्नाचा अर्धा भाग पुसून टाकला आहे, आणि मला त्याची खंत नाही. उरतो तो निशाणा, आणि त्याच्यासाठी इथे पहिली एकच बंदूक म्हणजे .177 ची एअर रायफल. वीस जूलच्या आतली असेल तर तिला शस्त्रपरवाना लागत नाही. दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. कोल्हापूर-पुण्याच्या रेंजवर शाळकरी मुलं रोज संध्याकाळी त्याच्यावर छर्रे झाडत असतात. टेक्सासहून सुट्टीला आलात तर तुमची 6.5 तिकडेच ठेवून एक तास त्यांच्या शेजारी उभे राहून बघा, पाच छर्रे मागा, आणि तुमचं कार्ड त्यांच्या कार्डाशेजारी ठेवा.