इंग्रजीलाही वाफसा लागतो

गळीत हंगाम संपला, बॉयलर थंड झाला, की आमच्या शेती खात्याची माणसे गावोगाव बैठका घेत फिरतात. बेणे कोणते घ्यावे, लागणीची नोंद कधी द्यावी, खोडव्याचे पाचट का जाळू नये, हे आमचे ठरलेले विषय. यंदा मात्र एका गावी उसाचा विषय अर्ध्या तासात उरकला आणि पुढचे दोन तास गेले ते इंग्रजीवर. एक जुने सभासद उठून म्हणाले, "साहेब, उसाचं तुम्ही सांगताय ते पटलं. पण पोरांच्या इंग्रजीचं काय? टनामागं पाच रुपये कापा, पण कारखान्यानं इंग्लिश मीडियमची शाळा काढा." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मग एकाने मलाच विचारले, "तुमचं मत काय?"

मी त्या वेळी गप्प राहिलो. नोकरीतल्या माणसाने सभासदांच्या बैठकीत असल्या विषयावर बोलावे की नाही, हा एक विचार. आणि दुसरे म्हणजे माझे स्वतःचे इंग्रजी! पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून या पत्रिकेतून दोन शब्द लिहीत आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. कृषी पदविका घेतलेला आणि वीस-बावीस वर्षे उसाच्या सऱ्या तुडवलेला माणूस. चुकले तर सभासदांनी हक्काने कान धरावा.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिल्याच महिन्यात सरांनी मला उभे करून धडा वाचायला लावला. 'नाइफ' हा शब्द मी 'क्नाइफ' असा वाचला. सर हसले, त्यांच्या मागोमाग वर्ग हसला आणि दहावीपर्यंत माझे नाव 'क्नाइफ' पडले. त्या शब्दातला 'के' लिहायचा पण म्हणायचा नाही, एवढे कुणी दोन मिनिटांत सांगितले असते तर काम भागले असते. ते झाले नाही. मी मागच्या बाकावर गेलो आणि पाठांतरावर पास होत राहिलो.

याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. नोकरीला लागून दोन वर्षे झाली होती. एका सभासदाच्या पूर्वहंगामी उसात हरभऱ्याचे आंतरपीक होते आणि तण माजले होते. चाचणीसाठी आलेल्या एका तणनाशकाचा नमुना माझ्याकडे होता, सोबत इंग्रजीत टाइप केलेला एक कागद. त्यातले आकडे मी वाचले. एकरी किती ग्रॅम, किती लिटर पाणी. आकड्यांखाली तीन ओळी होत्या, त्या सोडून दिल्या. वरिष्ठांना विचारायची लाज वाटली. फवारणी झाली आणि आठवड्याभरात तणाबरोबर हरभराही पिवळा पडून गेला. त्या तीन ओळींत एवढेच लिहिले होते की द्विदल आंतरपीक असेल तेथे हे औषध वापरू नये. सभासद भला माणूस. "जाऊ द्या, ऊस तर राहिला ना," म्हणाला. मला मात्र त्याच्या बांधावरून जाताना आजही मान वर करवत नाही.

चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. पण नीट विचार केला तर इंग्रजी येत नव्हते हे तिचे खरे कारण नव्हते. शब्दकोश घेऊन बसलो असतो तर अर्ध्या तासात त्या ओळी लागल्या असत्या. खरे कारण असे की इंग्रजी दिसले की मान वळवायची, ही सवय मला अकराव्या वर्षी लागली होती. म्हणून माझे मत असे आहे की मुलाला इंग्रजी किती शिकवले, त्याहून त्याची शिकायची इच्छा जिवंत राहिली की नाही, हे आधी बघावे.

आपल्या राज्यात सन २००० पासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. पुढे अनेक शाळांत सेमी इंग्रजी आले, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले. म्हणजे पाणी वाढले. पण ऊस उगवत नाही म्हणून पाण्यावर पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय सांगतो? बाबा, कांडी कुजेल; आधी वाफसा येऊ दे. ओल हवी, तशी मुळांना हवाही हवी. मुलाच्या मनाचा वाफसा तीन गोष्टींनी येतो. आपण चुकलो तर कुणी हसणार नाही ही खात्री, 'हे मला जमतंय' हा अनुभव, आणि या भाषेचा आपल्याला काही उपयोग आहे हे डोळ्यांनी दिसणे. यातले एक जरी नसले तरी वरून कितीही पाणी सोडा, उगवण विरळच राहणार.

हे मी पुस्तकी लिहीत नाही. माझी धाकटी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकते. तिच्या बाई काय करतात ते मी दोन वर्षे बघतो आहे.

चौथीचा वर्ग सुरू झाला तेव्हा बाईंनी पुस्तक उघडलेच नाही. "घरात, रानात, कारखान्यावर जे इंग्रजी शब्द बोलतात ते गोळा करून आणा," म्हणाल्या. पोरांनी वह्या भरल्या. मोटर, स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व्ह, पाइप, ट्रॅक्टर, ट्रॉली, पंक्चर, बिल, शेअर, टनेज, रिकव्हरी! आठवड्यात दोनशेच्या वर शब्द झाले. एका मुलाचे आजोबा जन्मभर "आपल्याला इंग्रजी येत नाही" म्हणणारे, त्यांच्या एकट्याच्या तोंडून नातवाने साठ शब्द उतरवून घेतले. आता बोला! ज्या भाषेतले दोनशे शब्द आपल्या घरातच आहेत, तिची भीती कशाला?

बाईंची दुसरी रीत अशी की पहिले काही आठवडे मुलांनी इंग्रजी बोलायचेच नाही, फक्त ऐकायचे आणि करायचे. 'स्टँड अप', 'टच द डोअर', 'पुट द बुक अंडर द टेबल'. मुले धावत जातात, करतात, हसतात. जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही रीत मांडली. आपले तान्हे मूल तरी दुसरे काय करते? वर्षभर ऐकते, खूण कळते, मग बोलते. त्याला कुणी पाळण्यातून उठवून धडा वाचायला लावत नाही.

तिसरे, मुलगा चुकला तर बाई त्याला मध्येच अडवत नाहीत. एकजण म्हणाला, "येस्टरडे आय गो मार्केट." बाई म्हणाल्या, "ओ, यू वेन्ट टू द मार्केट! व्हॉट डिड यू बाय?" पोराच्या कानावर बरोबर वाक्य पडले, त्याची फजिती झाली नाही आणि बोलणेही पुढे चालू राहिले. माझ्या 'क्नाइफ'च्या वेळी अशा बाई असत्या तर, असे राहून राहून वाटते.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. बाई भाषेला कामाला लावतात. आपल्या वजनकाट्याची पावती त्यांनी वर्गात नेली. ग्रॉस वेट, टेअर वेट, नेट वेट. गाडीचे भरलेले वजन, रिकामे वजन आणि राहिलेला ऊस. मुलांनी वजाबाकी केली आणि तीन शब्द कायमचे शिकली. मग उसाच्या जाती घेतल्या. को ८६०३२ मधला 'को' म्हणजे काय? तर कोईमतूर. तेथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले, त्या गावाच्या इंग्रजी नावाची ही पहिली दोन अक्षरे. आणि कोएम ०२६५ मधला 'एम' म्हणजे आपला महाराष्ट्र. दुसऱ्या दिवशी औषधाच्या डब्यांवरचे त्रिकोण. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. घरी जाऊन पोरांनी बापाला सांगितले, "हा डबा माळ्यावर ठेवा, लाल त्रिकोण आहे." हे इंग्रजी परीक्षेत येईल न येईल, घरात मात्र उपयोगी पडले.

एकदा त्यांनी विचारले, 'एफआरपी' म्हणजे काय ते घरी विचारून या. आपण सगळे हा शब्द दिवसातून दहादा उच्चारतो. २००९-१० च्या हंगामापासून एसएमपी जाऊन एफआरपी आली, तिच्यावरून मोर्चे निघाले, बैठका झाल्या. पण पूर्ण नाव सांगणारी माणसे गावात थोडीच निघाली. फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस, म्हणजे रास्त व किफायतशीर दर. माझ्या मुलीने येऊन मला विचारले, "बाबा, फेअर म्हणजे रास्त, मग फेअर अँड लव्हलीतलं फेअर कोणतं?" एका शब्दाचे दोन अर्थ असतात हे तिने स्वतः शोधून काढले. अशी शोधाशोध पोर आपणहून करू लागले, की समजावे वाफसा आला.

हा काही एका गावचा चमत्कार नव्हे. डॉ. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रास अशा दक्षिणेकडच्या काही साध्या शाळांत असाच प्रयोग केला होता. व्याकरणाचे नियम घोकून न घेता मुलांपुढे नकाशा ठेवायचा, रेल्वेचे वेळापत्रक ठेवायचे आणि प्रश्न सोडवायला द्यायचा. गाडी किती वाजता सुटते, कुठे बदलावी लागेल? मुलांचे लक्ष उत्तरावर आणि भाषा वापरात. या प्रयोगावर टीकाही झाली, सगळे सगळीकडे जमते असे नाही. याच प्रभूंनी १९९० साली लिहिले की सर्वांत उत्तम अशी एकच पद्धत नसते. शिक्षकाला आपली पद्धत आतून पटलेली असणे महत्त्वाचे. आपल्याला हे कळायला जड नाही. एकच जात सगळ्या जमिनींना चालत नाही, हे आपण दर हंगामाला बघतो.

आता इंग्लिश मीडियमच्या मागणीविषयी. मागणी करणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आहे. ज्याला इंग्रजी नाही त्याचे कुठे कुठे अडते, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक? पण शाळेचे माध्यम बदलले म्हणजे गोडी लागते, हा हिशेब मला पटत नाही. घरी कुणी ती भाषा बोलत नाही, अशा मुलाला पहिलीपासून सगळेच इंग्रजीतून दिले, की त्याला गणित कळले नाही की भाषा कळली नाही, हे शिक्षकालाही समजत नाही आणि आईबापालाही. पाहुण्यांपुढे पोर दोन कविता म्हणून दाखवते, आपण खूश होतो. पाठ केलेले आणि समजलेले यांत फरक आहे. आणि जेथे मराठीत शब्द काढला म्हणून दंड होतो, तेथे तर माझ्यासारखे मागच्या बाकावरचे आणखी तयार होतात. उद्या शाळा निघालीच तर माझा विरोध नाही. पण इमारत, टाय आणि बस यांच्या आधी शिक्षकाचा विचार व्हावा.

तोपर्यंत बिलातून रुपयाही न कापता चार गोष्टी करता येतील.

१. कारखान्याचे प्रशिक्षण सभागृह बिगरहंगामात मोकळे असते. तेथे परिसरातल्या शाळांच्या शिक्षकांना वर्षातून दोनदा एकत्र बसवावे. व्याख्यान नको, एकाने आपला तास घेऊन दाखवावा, बाकीच्यांनी पाहावा. ठिबक आपण भाषणाने घेतले नाही, शेजाऱ्याचा प्लॉट बघून घेतले.

२. वजन पावती, माती परीक्षणाचा अहवाल, औषधांची माहितीपत्रके यांच्या कोऱ्या किंवा जुन्या प्रती शाळांना द्याव्यात. सभासदाचे नाव तेवढे झाकावे. हे काम शेती खाते करील, त्याची जबाबदारी मी घेतो.

३. प्रत्येक गट ऑफिसात सोप्या इंग्रजी गोष्टींच्या पातळ पुस्तकांची एक पेटी ठेवावी. मुलाने हवे ते न्यावे, आवडले नाही तर अर्धे वाचून परत आणावे, त्यावर प्रश्न विचारू नयेत. सातवीच्या पोराने दुसरीच्या पोराला वाचून दाखवले तर दोघेही शिकतात.

४. हे आपल्या घरातले. पाहुण्यांपुढे पोराला उभे करून "सांग रे स्पेलिंग" म्हणू नये. चुकले तर हसू नये. त्यापेक्षा खताच्या पोत्यावरचे, मोटरीच्या पाटीवरचे त्यालाच विचारावे, "हे काय लिहिलंय, मला सांग बरं." बाप विचारतो आणि आपण सांगतो, हा मान पोराला दहा शिकवण्यांहून मोठा वाटतो.

गेल्या महिन्यात एका औषधाचे नवे माहितीपत्रक आले. मी ते घरी नेले आणि मुलीच्या शेजारी शब्दकोश घेऊन बसलो. एका शब्दाला अडलो. तिने विचारले, "बाबा, तुम्हालाही येत नाही?" मी म्हटले, "नाही येत. बघू या दोघं मिळून." वीस वर्षांपूर्वी हे वाक्य मला जमले असते, तर एका सभासदाचा हरभरा वाचला असता.

वार्षिक सभेला अजून अवकाश आहे. शाळेचा ठराव येण्याआधी सभासद बंधू-भगिनींनी आपापल्या गावच्या शाळेत एकदा जाऊन, इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर कोण बसले आहे ते बघून यावे, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी