शिल्लक नाही म्हणून खातेच बंद?

खात्यात पैसे कमी, म्हणून दंड. तरीही शिल्लक नाही, म्हणून खातेच बंद! हा कुठला न्याय?

एप्रिल २०१७ ते जानेवारी २०१८ या दहा महिन्यांत स्टेट बँकेने किमान शिल्लक नसलेली ४१ लाखांहून अधिक बचत खाती बंद केली. माहिती अधिकारात बँकेनेच हे सांगितले. त्यातल्या पहिल्या आठ महिन्यांची दंडवसुली १,७७१ कोटी, म्हणजे जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या नफ्याहून जास्त. मार्च २०२० मध्ये अट उठली. गेलेला दंड मात्र गेलाच.

आम्हा सातारा-सांगलीकरांना हे नवे नाही. म्हसवडला फुटपाथवर लोहारकाम करणाऱ्या बाईची बचत किरकोळ म्हणून बँका खाते उघडेनात. त्यातून १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. कौतुक आहेच, पण प्रत्येक तालुक्याने आपली बँक काढायची का? मग सरकारी बँक कोणासाठी? जतचा ऊसतोड मजूर सहा-सहा महिने फडात असतो, तो कसली शिल्लक राखणार?

मित्रांनो, किमान शिल्लक न लागणारे मूलभूत बचत खाते देणे रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून बँकांना बंधनकारक केले आहे. आपल्या वस्तीतल्या माणसाला घेऊन शाखेत जा, लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

जय भीम!