टॉकीजमधून बाहेर पडताना

वर्ष संपलं की त्या वर्षात पाहिलेल्या-ऐकलेल्यातलं मनाजोगतं काय होतं, याची यादी करण्याची जुनी खोड मला आहे. बँकेत असताना दर जानेवारीत दोन-चार डायऱ्या फुकट यायच्या, त्यांचं करायचं काय म्हणून ही सवय लागली. तारीख, सिनेमाचं नाव, सोबत कोण होतं आणि एखाद-दुसरं वाक्य. गाण्याची बैठक असेल तर गायकाचं नाव आणि राग. बस्स. निवृत्तीनंतर डायऱ्या विकत आणाव्या लागतात, पण खोड गेली नाही.

२०२५ ची डायरी परवा चाळली. फेब्रुवारीत ‘छावा’ची नोंद आहे. त्यानंतर थेट मार्चमधलं एक पान लागतं आणि तिथं सिनेमाच्या नावाच्या जागी मी ‘संचारबंदी’ असं लिहून ठेवलेलं आहे. आवडीनिवडीच्या यादीत हा शब्द येण्याची ही पहिलीच वेळ. म्हणून यंदाची यादी नुसती यादी म्हणून देता येत नाही.

‘छावा’ १४ फेब्रुवारीला लागला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, संगीत ए. आर. रहमान यांचं. प्रदर्शनाआधीच त्यातल्या लेझीमच्या दृश्यावरून वाद झाला आणि ते दृश्य काढलं गेलं. शिवाजी सावंतांची कादंबरी मी बँकेत नव्यानं लागलो तेव्हा वाचली होती, शाखेच्या गावी खोलीवर, कंदिलाजवळ. त्यामुळे सिनेमा पाहायला मी उत्सुकतेनं गेलो. सभागृहात गारद दिली जात होती, पोरं फेटे बांधून आली होती, शेवटी बाया डोळे पुसत होत्या. मीही पुसले. विनीतकुमार सिंग या नटानं उभा केलेला कवी कलश मला फार आवडला. मरणाच्या दारात दोन मित्र एकमेकांशी कवितेत बोलतात, ते दृश्य माझ्या यादीत आहे आणि राहील. पण संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा, विद्वानांत रमणारा संभाजी त्या पडद्यावर फार थोडा आहे. शेवटचा छळ मात्र भरपूर आहे, इतका की घरी येताना डोळ्यांपुढे राजा कमी आणि साखळदंड जास्त होते. डायरीत मी लिहिलंय : ‘तंत्र उत्तम. कान दुखले.’

महालातल्या एका शाखेत मी काही वर्षं होतो. तेव्हापासून माझे शर्ट तिथल्याच एका गल्लीतला शिंपी शिवतो. मी त्याला मास्टरजी म्हणतो, तो मला साहेब म्हणतो. जातीनं मुसलमान, सिनेमाचा माझ्याहून मोठा शौकीन. त्यानं ‘छावा’ पहिल्याच आठवड्यात पाहिला होता, धाकट्या मुलाला घेऊन. कसा वाटला म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘‘पिच्चर जबरदस्त है साहेब. बस, बाहर निकलते टाइम बच्चे का हाथ पकड के रखा मैंने.’’ एवढं बोलून तो पुन्हा कापड कातरू लागला. सिनेमावर पुष्कळ परीक्षणं मी वाचली. या दोन वाक्यांपुढे जाणारं एकही नव्हतं.

पुढं १७ मार्च उजाडला. त्या दिवशी तिथीनुसार शिवजयंती होती. औरंगजेबाची कबर हटवा या मागणीसाठी महालात निदर्शनं झाली, प्रतीकात्मक कबर जाळली गेली, त्यातून अफवा उठली, संध्याकाळी चिटणीस पार्काच्या बाजूला दगड उडाले, रात्री हंसापुरीत गाड्या जळाल्या. पोलीस जखमी झाले आणि पुढं एका माणसाचा रुग्णालयात मृत्यू झाला. ज्या कबरीवरून हे झालं ती खुलताबादला, आमच्यापासून सुमारे पाचशे किलोमीटरवर. शहराच्या बऱ्याच भागात संचारबंदी लागली आणि ती पुरती उठायला जवळजवळ आठवडा गेला. १८ मार्चला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत निवेदन केलं. हल्ला पूर्वनियोजित दिसतो असं ते म्हणाले, आणि ‘छावा’ चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उफाळून आला आहे, असंही म्हणाले.

सिनेमाचं नाव दंगलीच्या निवेदनात आलं, याचा मी कादंबरीकार म्हणून बरेच दिवस विचार करत होतो. आम्हा लिहिणाऱ्यांना आतून वाटतच असतं की आपल्या शब्दांत जग हलवण्याची ताकद असावी. पण हिशेब तपासण्याची सवय गप्प बसू देत नाही. सिनेमा महिनाभर राज्यभर चालू होता. लाखो लोक रडून, घोषणा देऊन घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. तेव्हा ‘सिनेमामुळे दंगल झाली’ हे म्हणणं सिनेमाला फार मोठं करणारं आहे आणि ज्यांनी अफवा फिरवली, दगड उचलले, त्यांना फार सहज सोडून देणारं. उलट बाजूनं ‘सिनेमा काय, घटकाभराची करमणूक’ असं म्हणणारेही खोटं बोलतात. औरंगजेब १७०७ साली मेला. अडीच-पावणेतीन तास अंधारात जागवलेला राग उजेडात येतो तेव्हा ज्याच्यावर काढायचा तो शिल्लक नसतो. त्या रागाला पत्ता लागतो. पत्ता सिनेमा लिहीत नाही, बाहेर उभी असलेली माणसं लिहितात. पण बिनपत्त्याचं पाकीट आपण रोज किती छापतो, याचा विचार सिनेमा करणाऱ्यानं करायला नको काय? माझ्या मास्टरजींनी मुलाचा हात धरला तो या पाकिटाच्या भीतीनं.

महाल हा भोसल्यांचा. भोसल्यांचा वाडा तिथंच आहे. नागपूरकरांना ठाऊक असलेली, बाहेरच्यांना बहुधा नसलेली एक गोष्ट इथं सांगतो. कामठीला १८६१ साली जन्मलेले ताजुद्दीन बाबा वेडे ठरवून नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले गेले होते. १९०८ साली त्यांना तिथून सन्मानानं बाहेर काढून आपल्या सक्करदऱ्याच्या राजवाड्यावर नेलं ते रघुजीराव भोसल्यांनी. मराठा राजा आणि मुसलमान फकीर. बाबा १७ ऑगस्ट १९२५ ला गेले. म्हणजे गेल्या ऑगस्टात त्यांच्या जाण्याला इंग्रजी तारखेनं शंभर वर्षं झाली. त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी उमरेड रोडला ताजबागेत गेलो होतो. कव्वाल काही नामवंत नव्हते. पेटी थोडी उतरलेली, टाळ्या मात्र घट्ट. माझ्या बाजूला कपाळभर कुंकू लावलेल्या एक आजीबाई मांडी घालून बसल्या होत्या. त्यांना शब्द कळत नसावेत, मलाही सगळे कळत नव्हते. समेवर मात्र आमच्या दोघांच्याही माना एकदमच पडत होत्या. वर्षभरात ऐकलेल्या गाण्यात ही बैठक मी सर्वांत वर ठेवली आहे. गळ्याच्या हिशेबानं ती तिथं बसत नाही, हे मला कळतं.

नव्या सिनेसंगीतातलं माझ्या डायरीत फार थोडं आहे. जुलैत ‘सैयारा’ आला. त्याचं शीर्षकगीत शेजारच्या कॉलेजच्या पोरांनी इतकं वाजवलं की मला ते तोंडपाठ झालं. गाणं बरं आहे, थोर नाही. पण ते फहीम अब्दुल्ला यांनी गायलंय आणि चाल बांधणाऱ्यांत ते आणि अर्सलान निझामी आहेत, हे दोघेही काश्मीरचे तरुण, हे कळलं तेव्हा मी डायरीत एक ओळ वाढवली. २२ एप्रिलला पहलगामला पर्यटकांचं हत्याकांड झालं होतं. तीन महिने होत नाहीत तोच देशातली पोरं काश्मिरी गळ्यावर डोळे मिटून डोलत होती. गाण्यानं काही मिटत नाही हो. पण ही नोंद कुठंतरी राहावी.

सप्टेंबरातले लागोपाठचे तीन शुक्रवार मात्र भाग्याचे होते. १२ तारखेला ‘दशावतार’ आला. वयाच्या ८१ व्या वर्षी दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री होऊन जे नाचले आहेत ते पाहून मी टाळ्या वाजवल्या. सिनेमाचा उत्तरार्ध मला भडक वाटला. मालवणी बोली मात्र पोटभर ऐकायला मिळाली, आणि हेवा वाटला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात, दंडार आहे, खडी गंमत आहे, गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना त्यासाठी २०२३ मध्ये पद्मश्रीही मिळाली. तरी मराठी पडद्यावर वैदर्भी बोलतो तो हसवायलाच बोलतो. खाणीचा प्रश्न कोकणाइतकाच आमचाही आहे. असो.

१९ तारखेला ‘साबर बोंडं’. रोहन परशुराम कानवडे यांच्या या सिनेमाला जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. मी तो पुण्याला मुलीकडे गेलो असताना पाहिला. (इथल्या एका स्नेह्यानं नाव ऐकून विचारलं, ‘‘सांबाराची बोंडं म्हणजे काय बाप्पा?’’ आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. साबर म्हणजे निवडुंग, हे सांगावं लागलं.) बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि त्याचा लहानपणचा मित्र, यांच्या प्रेमाची ही गोष्ट. कुणी ओरडत नाही. रडतानाही आवाज होत नाही. माझ्या पिढीच्या माणसाला हा विषय अवघड जाईल असं वाटलं होतं, पण आईला बरंच काही ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक आहे, हे ज्या साधेपणानं येतं त्यानं मी हरलो.

आणि २६ तारखेला ‘होमबाउंड’. नीरज घायवान यांचा. बशारत पीर यांनी २०२० मध्ये लिहिलेल्या एका खऱ्या हकिकतीवरून. उत्तरेतल्या एका खेड्यातले दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान. पोलिसात भरती व्हायचं स्वप्न, ते लांबत जातं, मग सुरतेची गिरणी, मग टाळेबंदी आणि घराकडची वाट. मे २०२० मध्ये नागपूरच्या रिंगरोडवरून डोक्यावर बोचकी घेऊन जाणाऱ्या रांगा मी पाहिल्या आहेत, त्यामुळे शेवटचा अर्धा तास मला पडदा नीट दिसला नाही.

मी गेलो त्या दुपारी हॉलमध्ये आम्ही अकराजण होतो. दसरा दोन दिवसांवर आलेला. २ ऑक्टोबरला दसरा होता, रेशीमबागेत संघाच्या शताब्दीचा सोहळा होता, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन होता, आणि टॉकिजांत ‘कांतारा’चा नवा भाग येणार होता. त्याला जागा करून द्यायला ‘होमबाउंड’चे खेळ उतरले ते उतरलेच.

सिनेमा पाहून मी दीक्षाभूमीच्या रस्त्याला लागलो. बाहेरगावची माणसं येऊ लागली होती, पुस्तकांचे स्टॉल लागत होते, एका स्पीकरवर वामनदादा कर्डकांची गाणी चालू होती. सिनेमातला चंदन नोकरीच्या अर्जात आपली जात लपवतो आणि सर्वसाधारण गटात नाव घालतो, ते दृश्य माझ्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. इथं त्याच्याच वयाची पोरं त्या गाण्यांबरोबर मोकळ्या गळ्यानं गात होती. आवाज टिपेचा होता, कर्णा फाटका होता. तरी ‘छावा’च्या वेळी दुखले तसे कान दुखले नाहीत. का, ते मी रस्ताभर स्वतःला विचारत होतो. इथला राग कुणाच्या तरी विरुद्ध आहेच, तो लपवलेलाही नाही. पण गाणारा आधी स्वतःचं नाव सांगतो, मग बाकीचं.

मास्टरजींना मी तेव्हाच सोबत चला म्हटलं होतं. दसरा-दिवाळीच्या हंगामात शिंप्याला मान वर करायची फुरसत नसते, ते जमलं नाही. नोव्हेंबरात सिनेमा घरच्या पडद्यावर आला तेव्हा त्यांनी तो मुलाच्या फोनवर पाहिला. डिसेंबरात मी शर्टाचं कापड घेऊन गेलो तर गळ्यातली टेप काढून माझ्या खांद्यावर लावत ते म्हणाले, ‘‘साहेब, वो सच में हुआ था क्या? गोद में सर लेके बैठा था, वो?’’

खरंच झालं होतं, मी म्हटलं. रस्त्याच्या कडेला बसलेल्या त्या दोघांचा फोटोही आहे.

त्यांनी माप वहीत उतरवलं. थोडं थांबून विचारलं, ‘‘कॉलर वोही, पुरानीवाली?’’