लेझरच्या उष्णतेने रेणू एका जागी कसे येतात? पाणी तपासणीसाठी पुण्यातला प्रयोग का महत्त्वाचा?

पुणे : सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यात पातेलं चढलं, की उकळी फुटण्याआधीच चहाची पावडर फिरू लागते. तळाचा तापलेला द्रव हलका होऊन वर येतो, कडेला थोडा गार होऊन पुन्हा खाली जातो. कोणी ढवळत नाही, उष्णताच ढवळते. आता पातेल्याऐवजी पाण्याचा एक थेंब आणि गॅसऐवजी लेझरचा किरण घ्या. या उष्णतेच्या जोरावर पाण्यात विखुरलेले रेणू एका ठिपक्यात गोळा करता येतात. पाणी, दूध, रक्त यांच्या तपासणीसाठी ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोलाची आहे.

अडचण नेमकी कुठे आहे?

सेन्सर कितीही तल्लख असला, तरी रेणू त्याच्यापर्यंत पोहोचला तरच तो दिसणार. स्थिर पाण्यात प्रथिनासारख्या रेणूला आपोआप एक मिलिमीटर सरकायला साधारण दीड तास लागतो. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. म्हणजे एका सेंटीमीटरला पाच-सहा दिवस! रेणू मोजकेच असतील, तर सेन्सर नुसता वाट पाहत बसतो.

जिवाणूंसाठी जुना तोडगा आहे. ते पोषक माध्यमात वाढू द्यायचे आणि मग मोजायचे. कोलिफॉर्मच्या अशा चाचणीला २४ ते ४८ तास लागतात. कीटकनाशकाचा किंवा औषधाचा अंश मात्र वाढत नाही. तो गोळाच करावा लागतो.

लेझर काय करतो?

लेझरचा किरण धातूच्या पातळ थरावर किंवा कणांवर पडला, की तेवढीच जागा तापते. मग तीन गोष्टी घडू शकतात.

१. तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं आणि त्याची जागा घ्यायला बाजूचं पाणी येतं. हा चहाच्या पातेल्यातला प्रवाह.

२. तिथे हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा असेल, तर त्याच्या गरम बाजूचा पृष्ठताण कमी होतो. पाणी बुडबुड्याच्या पृष्ठभागावरून गरम बाजूकडून थंड बाजूकडे ओढलं जातं आणि जोरदार भोवरे तयार होतात.

३. रेणू स्वतःही तापमानातल्या फरकानुसार सरकतात, बहुतेक वेळा थंड बाजूकडे. याला थर्मोफोरेसिस म्हणतात.

गंमत अशी, की तिसरी क्रिया रेणूंना गरम जागेपासून दूर ढकलते. तरीही ती प्रवाहाशी नीट जुळली, तर रेणू पांगण्याऐवजी अडकतात. डिटर ब्राउन आणि अल्बर्ट लिबशाबर यांनी २००२मध्ये हे डीएनएवर दाखवलं. सुमारे २० मायक्रॉनच्या ठिपक्यात डीएनएचं प्रमाण हजारपटीहून जास्त वाढलं होतं.

पुण्यात काय झालं?

पाषाणच्या आयसर पुणे संस्थेत डॉ. जी. व्ही. पवन कुमार यांच्या गटाने २०१४मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. धातू आणि द्रव जिथे भेटतात, तिथे प्रकाशाच्या मदतीने धातूचे नॅनोकण एकत्र आणले. अशा कणांमधल्या फटींत प्रकाश एकवटतो आणि तिथल्या रेणूचा एरवी अगदी क्षीण असलेला रामन संकेत ठळक होतो. हा संकेत म्हणजे रेणूचा बोटाचा ठसाच. अशा रीतीने एकेका रेणूपर्यंत पोहोचता आलं.

एरवी हे कण रसायन घालून एकत्र आणतात आणि एकदा चिकटले की ते सहसा सुटत नाहीत. इथे ते पुन्हा द्रवात पसरू शकतात. शिवाय कण जमवायला आणि रेणू ओळखायला एकच प्रकाशझोत पुरतो.

मग नळाच्या पाण्याला हे का लावत नाहीत?

कारण नळाचं पाणी प्रयोगशाळेतल्या द्रवाइतकं सरळ नसतं. त्यातल्या क्षारांमुळे रेणू सरकण्याचा वेग आणि कधी दिशाही बदलते. हव्या त्या रेणूबरोबर नको तेही जमा होतं. उष्णता जास्त झाली तर प्रथिनं बिघडतात. लेझर आणि सूक्ष्मदर्शक यांचा खर्च वेगळाच.

पुणेकरांनी काय विचारायला हवं?

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावर गेला होता. हे तंत्र तेव्हा कामी आलं असतं, असा दावा करणं चूक ठरेल. पण ‘आपल्या पाण्यात काय आहे’ हा प्रश्न तेव्हा घराघरात होता, आणि तो पुन्हा पडणार आहे.

म्हणून ‘एका थेंबात, एका मिनिटात निदान’ अशी जाहिरात दिसली, तर दोन प्रश्न विचारावेत. थेंबातला रेणू सेन्सरपर्यंत कसा आणणार? आणि हे साध्या नळाच्या पाण्यावर करून पाहिलं आहे का?

हेच प्रश्न सरकार आणि महापालिकेनेही विचारायला हवेत. शोधनिबंधाला निधी मिळतो, तयार यंत्राला गिऱ्हाईक मिळतं. मधल्या टप्प्याला, म्हणजे गढूळ आणि क्षारयुक्त पाण्यावर वर्षानुवर्षं करायच्या चाचण्यांना, सहसा कोणी वाली नसतो. पाषाणची प्रयोगशाळा आणि पेठेतला नळ एकाच शहरात आहेत. त्यांच्यामधल्या या टप्प्यासाठी पैसा आणि माणसं दिली, तरच प्रयोगाचा फायदा घरातल्या हंड्यापर्यंत पोहोचेल.