विंडोज १० चा सपोर्ट संपला. आता ‘प्रो’ घ्यायचं की ‘होम’च पुरे?

“होम आहे ना तुमचं? प्रो टाकून देतो, मशीन एकदम फास्ट होईल.” कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि या सल्ल्याला आणखी जोर चढला. पण त्यात तथ्य किती?

आधी गोंधळ दूर करू

विंडोज १० वरून ११ वर जाणं वेगळं आणि होमवरून प्रोवर जाणं वेगळं. पहिलं, तुमचा कम्प्युटर पात्र असेल तर फुकट होतं आणि होमचं होमच राहतं. दुसऱ्याला पैसे पडतात.

मुख्य म्हणजे, विंडोज १० होमचं विंडोज १० प्रो करून सपोर्ट वाढत नाही. दोन्हींचा सपोर्ट एकाच दिवशी संपला. म्हणजे ‘सुरक्षेसाठी प्रो घ्या’ म्हणत कुणी १० वरच प्रो टाकून देत असेल, तर पैसे गेले आणि धोका होता तिथेच राहिला.

मग प्रोमध्ये जास्तीचं काय आहे?

वेग तर नाहीच. दोन्हींचा गाभा एकच आहे. होम १२८ जीबीपर्यंत रॅम वापरू शकतं. घरात एवढी रॅम कुणाकडे असते?

दुसरीकडून आपल्या कम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉपने येणं, हायपर-व्ही, ऑफिसच्या नेटवर्कला जोडणं, ग्रुप पॉलिसी या गोष्टी प्रोमध्ये मिळतात. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, यूट्यूब यासाठी यातलं काहीच लागत नाही.

विचार करण्यासारखी एकच गोष्ट आहे: बिटलॉकर. लॅपटॉप चोरीला गेला तरी डिस्कवरचा डेटा चोराला वाचता येत नाही. घरून टॅक्स रिटर्नचं काम करणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये लोकांचे पॅन आणि बँक तपशील असतात. त्याने प्रोचा खर्च करावा, असं मला वाटतं. अर्थात, बऱ्याच नव्या लॅपटॉपवर होममध्येही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं. सेटिंग्जमध्ये ते आधी शोधा.

आणि हो, काही शे रुपयांत मिळणाऱ्या प्रोच्या ‘की’पासून लांब राहा. अशा की अनेकदा कंपन्यांच्या लायसन्समधून फुटलेल्या असतात आणि पुढे कधीही बंद पडू शकतात.

कम्प्युटर ११ साठी पात्रच नसेल तर?

विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. इंटेल असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ अ‍ॅप हे फुकटात तपासून देतं.

पात्र नसेल तरी लगेच नवा कम्प्युटर घेण्याची घाई नको. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल, तर ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’मध्ये नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला, तर यासाठी पैसेही पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर हा पर्याय दिसतो.

दुकानात मशीन देण्याआधी मात्र फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. एन्क्रिप्शन चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून ठेवा. ती हरवली, तर मायक्रोसॉफ्टही तुमचा डेटा परत देऊ शकत नाही.