सौरपंपाचा कंट्रोलर बिघडला तर? गावात हवा शिकलेला तंत्रज्ञ

माढा तालुक्यातील मोडनिंब परिसर असो की अन्य ग्रामीण भाग, दहावीनंतर ‘इलेक्ट्रॉनिक्स’ म्हटले की मोबाइल दुरुस्तीचा छोटा क्लास आठवतो. पण शेतातले काम आता त्यापुढे गेले आहे.

संधी कुठे?
‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकरी १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींचे शेतकरी ५ टक्के रक्कम भरतात. दुरुस्तीची हमी ५ वर्षांची. त्यानंतरचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी.

धोका काय?
ऊन असेपर्यंत पॅनेल वीज देतच राहते. स्विच बंद केला तरी कंट्रोलरमधील कपॅसिटर काही वेळ भारित असतो. अंदाजाने हात घालणे जिवावर बेतू शकते.

शिकायचे कुठे?
आयटीआयचा ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा ट्रेड २ वर्षांचा आहे. दहावीला विज्ञान व गणित हवे. सोल्डरिंग, मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय आणि बिघाड शोधणे शिकवले जाते. राज्यात प्रवेश ऑनलाइन, गुणवत्तेनुसार होतो. अखिल भारतीय परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते.

पुढे काय?
१९६१च्या कायद्यानुसार कंपनीत शिकाऊ उमेदवारी करता येते, विद्यावेतनही मिळते. छोट्या क्लासची फी भरण्याआधी त्याच्या प्रमाणपत्रावर ही उमेदवारी मिळेल का, एवढे विचारून घ्यावे.

सरकारने पंप दिले. आता आयटीआयच्या कार्यशाळेत त्यांचे कंट्रोलरही सरावासाठी ठेवावेत. पीक पाण्यावर आले असताना दुरुस्तीसाठी शहराची वाट पाहणे शेतकऱ्याला परवडणारे नाही.